झेंडूच्या तबकातील फेस

१

झेंडूच्या तबकातील चारही ग्लासांवरचा फेस आमच्या डोळ्यांदेखत मावळला.

देवजीने आतल्या खोलीच्या दारातून तबक बाहेर दिले तेव्हा तो चांगला बोटभर उभा होता. नम्रताने तबक मेजावरच्या पांढऱ्या कापडावर ठेवले, परीक्षक म्हणून आलेल्या कुणालीने आपला ग्लास उजेडाकडे धरला, आणि तेवढ्यात वर फेसाची एक फाटकी किनार मात्र उरली.

"ही कोणाची ते मला माहीत नाही," कुणाली म्हणाली, "पण हिच्यात जीवच नाही. वाफ सगळी गेलीय. सॉरी, दहापैकी तीनच्या वर मी नाही जाऊ शकत."

नम्रताने आपला ग्लास खाली ठेवला. तिने एक घोट घेतला होता, आणि आईने गर्दीत आपले मूल ओळखावे तशी ती चव ओळखली होती. बिअर तिचीच होती.

येथे थोडे मागे जाणे प्राप्त आहे. खर्डी स्टेशनाकडून भातसानगरच्या बाजूस जाताना एका चढावर कैलासवासी धाऊंची भाताची गिरणी होती. गिरणी चालू असेपर्यंत त्या चढावर कोंड्याचा गोडसर वास सदैव तरंगत असे. धाऊंच्या पश्चात गिरणी बंद पडली, आणि त्यांची कन्या नम्रता, जी शहापूरच्या शाळेत माझ्याकडे संस्कृत शिकली, हिने रीतसर परवाना घेऊन तेथे बिअरचा छोटा कारखाना काढला. गावाने नाके मुरडली. मी मुरडले नाही. माझे वडील वैद्य होते; आमच्या ओसरीवर आसवारिष्टांच्या बरण्या मातीत पुरलेल्या असत, आणि त्यांतील किण्व जागे झाले की नाही हे झाकणावरून हुंगून सांगण्याचे काम माझ्याकडे होते. मद्य मी आयुष्यात चाखलेले नाही. परंतु नाक तयार आहे, म्हणून नम्रताने मला गंधापुरता परीक्षक नेमले होते.

स्टीम बिअर हा प्रकार मूळचा बर्फ न मिळणाऱ्या परमुलखातला. थंडीत रमणारे किण्व, ज्याला ही मंडळी यीस्ट म्हणतात, ते उथळ हौदांत उबेवर राबवायचे. त्याने पिंपात असा दाब साठतो की तोटी उघडताच वाफेचा फूत्कार येतो. नम्रताने त्यात आपल्या शेतातला झिनी तांदूळ घातला होता. त्या दिवशी चार पिंपे परीक्षेला होती: एक तिचे, एक भिवंडीकडच्या मितेशचे, आणि नाशिक व पुणे येथून आलेली दोन. कोणत्या तबकात कोणाची बिअर हे कोणास कळू नये म्हणून तबकांवर फुले ठेवली होती: झेंडू, शेवंती, जास्वंद, तगर. कोणते फूल कोणत्या पिंपाचे, हे आत बसून ग्लास भरणाऱ्या देवजीखेरीज कोणी जाणत नव्हते. कुणाली ज्या बिअरला उत्तम म्हणे, तीच पुढे मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत जाई.

रिकामे ग्लास घेऊन नम्रता आत गेली. मी माझा भरलेला ग्लास हुंगून केव्हाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. क्षणभराने आतून तिचा आवाज आला.

"देवजीकाका! काय करताय हे?"

आम्ही धावलो. बाकीच्या तबकांचे ग्लास उष्टे तसेच पडले होते. देवजी फक्त झेंडूच्या तबकाचे ग्लास घाईघाईने घासून धूत होता.

२

देवजी धाऊंच्या गिरणीपासूनचा माणूस. गिरणी बंद पडली तेव्हा तिची किल्ली त्याने आपल्या करगोट्याला बांधून ठेवली होती, आणि कारखाना निघाला त्या दिवशी नम्रताच्या हातावर ठेवली. यीस्ट जिवंत ठेवण्याचे काम त्याचे. तो त्याला 'बाळ' म्हणे.

"तुम्हालाच माहीत होतं झेंडू म्हणजे आपली," नम्रता म्हणाली. "आणि आता पुरावा धुताय. का, काका?"

"माझ्या हातून झालं, पोरी."

"काय झालं?"

"झालं. आता इचारू नको."

नम्रताच्या डोळ्यांत पाणी तरारले, पण आवाज कठोर झाला. "मग संध्याकाळच्या आत तुमचं सामान उचला. मला इथे असा माणूस नको."

देवजीने मान हलवली, जणू त्याला एवढीच शिक्षा अपेक्षित होती. तो मागच्या पडवीत जाऊन आपली घोंगडी गुंडाळू लागला. मी त्याच्या मागे गेलो. म्हशाच्या जत्रेला आम्ही दोघे पोरे एकाच बैलगाडीतून जात असू. त्या काळी आमच्या घरच्या कित्येकांना ते रुचत नसे. माझ्या आईला रुचे.

"देवजी, तू खोटं बोलायला केव्हा शिकलास?"

"तुमी शाळंत शिकवलं नाय गुरुजी, म्हणून उशीर झाला."

"तोटी उघडी राहिली होती का?"

"व्हय. ऱ्हायली आसंल."

"मग फूत्कार कोणी ऐकला? मी बाहेर बसलो होतो. चारही वेळा सारखाच आवाज आला."

तो घोंगडीच्या दोरीत गुंतला. त्याच्या उशाशी त्याचा स्टीलचा पेला होता. कोणत्याही पिंपातले पहिले चार थेंब देवजी भुईला देतो, गावदेवीचे नाव घेतो आणि मग एक-एक घोट घेऊन पारखतो. त्या दिवशीही घेतला होता. मी पेला उचलून हुंगला, झिनी तांदळाचा गंध आला, आणि आत पाहिले. आतल्या भिंतीवर सुकलेल्या फेसाची कडी उमटली होती, एकाखाली एक, तळ्याचे पाणी ओसरताना काठावर रेषा राहतात तशी.

"ही आपलीच ना? झेंडूची?"

देवजीने पेला माझ्या हातातून काढून घेतला. "गुरुजी, तुमचं माझं लहानपणापास्नं हाय. तुमी घरी जा."

फेस घोटागणिक खाली उतरत गेला होता, म्हणजे शेवटपर्यंत टिकला होता. एकच पिंप, एकच तोटी, तोच हात. देवजीच्या पेल्यात ती बिअर जिवंत होती, आणि आमच्या ग्लासांत मेली.

३

कुणाली ओट्यावर बसून फोनवर काही टिपत होती. संध्याकाळची गाडी पकडायची म्हणून तिने रिक्षा सांगून ठेवली होती.

"बेटा, फेस मरतो कशाने?" मी विचारले.

"गुरुजी, दोनच कारणं. पिंपात दाब नसेल तर. नाही तर ग्लासला तेलकट काही लागलं असेल तर. तुपाचा एक कण पुरतो. लिपस्टिकने पण जातो, म्हणून मी टेस्टिंगला लावत नाही."

"दाब होता."

"मग ग्लास. पण ग्लास सगळे एकत्र धुतलेले, बाकीच्या तीन तबकांना काही झालं नाही." तिने फोन खाली ठेवला. "कोणीतरी मुद्दाम..."

आम्हा दोघांची दृष्टी एकदम मितेशकडे गेली. तो आंब्याखाली उभा राहून कांदाभजी खात होता. सकाळपासून तो खातच होता. त्याची बोटे तेलाने चकाकत होती.

"काय बघताय?" तो म्हणाला. "मी नाय केलं काय. माझी शेवंती होती, चवीनंच कळलं, तिला बाई सात बोलल्या. नम्रताची चांगली असती तर आठ बोलल्या असत्या, मला ठाऊक आहे. मी तिची आधी प्यायलोय."

"म्हणजे हेतू होता," मी म्हणालो.

"हेतू सगळ्यांनाच असतो गुरुजी! पण एक सांगा, दुसऱ्याचा फेस मारून जिंकलेली बिअर मी घरी कुणाला दाखवू? माझी बायको हेतल माझ्यापेक्षा भारी पारखी. पयला घोट घेऊन बोलंल, ही सातचीच हाय, आठची कुठाय?"

कुणालीला हसू आवरेना.

"तुम्ही आतल्या खोलीत गेला होतात?"

"दुपारी, भजीची प्लेट घ्यायला. तबकांना हात नाय लावला. आत देवजी होता आणि जनीमावशी होती. देवजी तिला हनुवटीनं कायतरी दाखवत होता, त्या फुलांकडं. मला बघून दोघं गप झाली."

जनी म्हणजे नम्रताची आई. आपल्या लेकीचे वाईट चिंतणारी ती नव्हे. तरी देवजीने तिला काय दाखवले? आणि ज्या माणसाला स्वतःसाठी भय ठाऊक नाही, तो घोंगडी गुंडाळून निमूट चालता होतो, तो कोणासाठी?

विचार करीत मी मेजाकडे वळलो आणि जागीच थबकलो. देवजीने झेंडूच्या तबकातले ग्लास धुतले खरे. पण तबकात ग्लास चार होते, आणि एक त्याच्या हाती लागलाच नव्हता. तो मद्य न पिणाऱ्याचा होता. तो अजून भरलेला, खिडकीच्या कट्ट्यावर होता.

४

मी ग्लास उचलला. आत तांबूस, शांत, फेसहीन बिअर होती. तो हुंगण्यापूर्वी मी डोळे मिटले, कारण एक गोष्ट मला आता आठवू लागली होती आणि तिची मला लाज वाटत होती.

दुपारी हाच ग्लास नाकाशी नेताना मला झिनी तांदळाचा, भाजलेल्या जवाचा गंध आला होता. आणि त्यांच्या मागून, अगदी पुसट, तुपाचा आणि विझल्या वातीचा. त्या गंधाने मी थेट आमच्या जुन्या घरात जाऊन पोहोचलो होतो. पौषातली पहाट, बाहेर जुंपलेली गाडी, आईच्या हातातली पितळी डबी. म्हशाच्या जत्रेला जाताना ती आधी माझ्या कानामागे आणि मग देवजीच्या कानामागे बोट टेकवी व म्हणे, "गर्दीत नजरा फार असतात रे." मला वाटले, म्हातारपणी मन असे भरकटतेच. आठवण समजून मी तो गंध बाजूला सारला, आणि गंधाच्या रकान्यात केवळ 'तांदूळ, जव' एवढेच लिहिले.

आता पुन्हा हुंगले. तुपाचा वास होता. काजळीचा वास होता. तो माझ्या स्मृतीत नव्हता, ग्लासात होता.

मितेश सुटला, भजीच्या तेलाला बेसनाचा आणि कांद्याचा वास येतो, वातीचा नव्हे. मी ग्लास खिडकीबाहेर हळूच ओतला आणि उन्हात धरला. तळाशी, आतल्या बाजूस, मोहरीएवढा काळा डाग होता. भोवती तुपाची इंद्रधनुषी छटा पसरली होती.

न्यायशास्त्र शिकताना आम्हाला पहिला धडा असे: डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे. येथे काजळी होती, म्हणून कोठेतरी दिवा असला पाहिजे. आणि मला सकाळचा चहा आठवला. जनीबाईंनी कप हातात दिला तेव्हा त्याच्या कानाला काळे बोट उमटले होते. त्यांनी ते लगबगीने पदराने पुसले. चुलीची काजळी असेल, असे मी मनाशी म्हटले. परंतु या घरात चूल नाही. गेली कित्येक वर्षे गॅस आहे.

ग्लास उपरण्याखाली झाकून मी स्वयंपाकघराकडे निघालो.

५

जनीबाई भाकरीचे पीठ मळीत होत्या. देवघरातल्या कोनाड्यात तुपाची समई होती, आणि तिच्या ज्योतीवर तांब्याची वाटी पालथी धरलेली. काजळ धरण्याची ती रीत मी वर्षानुवर्षांत पाहिली नव्हती.

"जनीबाई," मी दारातच बसलो, "फार सुरेख काजळ धरलंय तुम्ही. कोणाच्या बाळासाठी?"

"शेजारच्या ठमीच्या नातवासाठी, गुरुजी. विकतचं डोळ्याला चावतं."

"आणि लेकीसाठी?"

त्यांचे हात पिठात थांबले. मग त्या हसल्या, चोरी पकडली गेलेल्या मुलीसारख्या.

"देवजीनं सांगितलं व्हय? त्याला बोलले हुते, मी इचारलं ते कुणाला बोलू नको. पोरीनं एवढं नटवून ठेवलंय तिथं, पांढरं कापड, फुलं, मुंबईची बाई आलेली, तो मितेश आलेला. सगळे तिच्याकडं बघणार. माझ्या जिवाला कसं गमंल? म्हणून देवजीला इचारलं, आपली कंची. तो बोलला झेंडूची. मग तो पिंपाकडं वळल्यावर तीट लावली, येक-येक ग्लासाला."

"आतून?"

"मग! बाहेरून लावलं तर पांढऱ्या कापडाला डाग लागंल, ती बाई इचारंल, नम्रता चिडंल. म्हणून तळाशी. लेकराच्या तळपायाला लावतात ना, कुणाला दिसू नये तसं. काय गुरुजी, आली ना तिची पयली?"

मी अनेक वर्षे शिकवले. कठीण श्लोक मुलांना फोड करून सांगितले. पण हे जनीबाईंना कसे फोड करून सांगावे? देवजीने झेंडूच्या तबकाचे परत आलेले ग्लास पाहिले असतील, तळाचा काळा ठिपका ओळखला असेल. बिअरच्या कामात मुरलेल्या माणसाला तुपाचा परिणाम सांगावा लागत नाही. आणि त्या क्षणी त्याने ठरवले असेल की आईच्या हातून लेकीचे नुकसान झाले हे त्या माउलीला या जन्मी कळता कामा नये. त्यासाठी गिरणीची किल्ली जपणारा माणूस घोंगडी घेऊन चढ उतरायला तयार झाला होता. मी आता बोललो, तर त्याने जे राखले ते मी मोडणार होतो. न बोललो, तर तो जाणार होता.

बाहेर रिक्षा वाजली. कुणाली निघण्याच्या बेतात होती. पडवीच्या पायऱ्यांवरून देवजी खाली उतरत होता.

जनीबाईंनी खिडकीतून पाहिले. "ह्यो कुठं चालला घोंगडी घेऊन?"

मी उपरण्याखालून ग्लास काढून त्यांच्यापुढे ठेवला. "फेसाला तूप सोसत नाही, जनीबाई," मी एवढेच म्हणालो. "देवजीने तुमचं नाव घेतलं नाही."

त्यांनी ग्लासाच्या तळाकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग पिठाच्या हातांनीच पदर सावरून, समईवरची वाटी तशीच उचलून, त्या अनवाणी बाहेर धावल्या.

६

"ए देवजी! थांब तिथंच!"

देवजी थांबला. माझ्याकडे त्याने असे पाहिले की मी मान खाली घातली.

"मला वाचवायला चाललाय व्हय रे, मोठा आला!" जनीबाई म्हणाल्या, आणि नम्रताकडे वळून, काजळाने काळे झालेले बोट उभे धरून, "गो पोरी, ह्या बोटानं केलं. तुला नजर लागू नये म्हणून ग्लासाला तीट लावली. तूप हुतं त्यात. मला काय ठाऊक ग, बिअरला तूप चालत नाय ते! आमच्याकडं तूप कशाला नाय चालत?"

नम्रता आईच्या बोटाकडे पाहत राहिली. मला वाटले ती रागावेल. तिने ते बोट हातात धरले, आपल्या कपाळाला टेकवले, आणि तिला हुंदका आला की हसू, हे मला आजही सांगता येणार नाही. मग ती देवजीपाशी गेली आणि त्याच्या खांद्यावरची घोंगडी काढून घेतली.

"काका, मी तुम्हाला..."

"र्‍हाऊ दे. बाळाला सांजचं बघायचं हाय. उशीर झाला," देवजी म्हणाला.

रिक्षावाला हॉर्न वाजवीत होता. कुणालीने त्याला हाताने थांबवले. "एक नवीन ग्लास," ती म्हणाली. "गरम पाण्याने माझ्यासमोर धुवा. आणि मावशी, तुम्ही तिकडे लांब उभ्या राहा."

"उभी ऱ्हाते गो बाय, पार आंब्यापाशी ऱ्हाते!"

देवजीने तोटी उघडली. फूत्कार झाला. पहिले चार थेंब त्याने भुईला दिले. ग्लास भरला, आणि त्यावर फेस चढला. पांढरा, दाट, भाताच्या पेजेवरच्या सायीसारखा. आम्ही सारे त्याच्याकडे पाहत राहिलो. तो हलला नाही. कुणालीने घोट घेतला, ग्लासाच्या भिंतीवर फेसाचे कडे उमटले. तिने पुन्हा घेतला. दुसरे उमटले.

"मितेश, सॉरी," ती म्हणाली. "नऊ."

"आठ बोललो होतो मी!" मितेश म्हणाला. "हेतलला आता काय सांगू?"

कुणाली त्या दिवशी नंतरच्या गाडीने गेली. ती जाण्यापूर्वी नम्रताने पिंपे ओळीने लावून ठेवली आणि आईला हाक मारली: "आई, वाटी आण. पण बाहेरून लाव." जनीबाईंनी प्रत्येक पिंपाच्या पोटावर, बाहेरून, एक-एक काळा ठिपका लावला. तो पाहून कुणाली म्हणाली की बाटलीच्या चिठ्ठीवरही हाच असू द्या, दुसरे चित्र नको. तो आजही आहे.

मी निघालो तेव्हा देवजी मला चढाच्या टोकापर्यंत पोचवायला आला. खाली भातसाच्या पाण्यावर सांजेचा तांबडा उजेड होता. पूर्वी आमच्या गाडीचे बैल येथेच थकून थांबत.

"रागावलास?" मी विचारले.

"व्हय," तो म्हणाला. मग खालच्या पाण्याकडे पाहत, "तुमची आई लावायची ना आपल्याला, तसलंच काजळ हाय तिचं."

"तुलाही वास आला होता?"

"ग्लास धुताना आला. हात थांबत हुता, गुरुजी."

मागून जनीबाई धापा टाकीत आल्या. मी काही विसरलो असेन असे वाटले. त्यांनी, ऐंशीच्या घरात आलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा कान निःसंकोच पुढे ओढला आणि त्यामागे बोट टेकवले. मग देवजीच्या.

"एवढ्या गर्दीत सगळ्यांचं कोडं सोडवलंत. नजर लागंल."

मी जुन्या वळणाचा, सोवळे-ओवळे पाळणारा मनुष्य. आजारपणाखेरीज पहाटेचे स्नान मी कधी टाळलेले नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडले, ऊन ओसरीवर आले, बंबातले पाणी तापून निवले, तरी मी कानामागे हात नेऊन तसाच बसून होतो.